शून्याची कमाई

बचावपटूचं नाव व्हायचं असेल, तर त्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन गोल करावा लागतो. मुंबईच्या राहुल भेकेची कारकीर्द हा त्याचा सर्वांत बोलका पुरावा आहे.

१७ मार्च २०१९. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना चालला होता. नव्वद मिनिटं संपली, जादा वेळेतलीही बरीचशी सरली, तरी बेंगळुरू एफसी आणि एफसी गोवा ०-० वरच अडकलेले. गोव्याचा अहमद जाहू दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला होता. आता पेनल्टींवरच निकाल लागणार असं वाटत असताना बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोने चेंडू गोलसमोर टाकला, गर्दीतून एक डोकं वर आलं आणि चेंडू जाळ्यात गेला. ११७वं मिनिट होतं. बेंगळुरूने पहिल्यांदा आयएसएल जिंकली ती या हेडरवर. तो मारणारा संघाचा नेहमीचा गोलकर्ता सुनील छेत्री नव्हता, मिकू नव्हता. तो होता मुंबईतच जन्मलेला, मुंबईच्या मैदानांतूनच वर आलेला बचावपटू राहुल भेके.

या गोलाची चित्रफीत आजही पाहिली जाते. त्याच सामन्यातली दुसरी गोष्ट मात्र क्वचितच कुणाला आठवते. गोव्याचा फेरान कोरोमिनास त्या हंगामात १६ गोल करून स्पर्धेत अव्वल होता. प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळ्या फोडणं हे त्याचं आणि त्याच्या संघाचं नित्याचं काम. त्या रात्री १२० मिनिटांत त्याला एकही गोल करता आला नाही. बेंगळुरूच्या गोलरक्षकाने आणि बचावफळीने तो करू दिला नाही. विजेतेपदात या शून्याचा वाटा त्या एका गोलाइतकाच होता. पण शून्याची चित्रफीत कशी काढणार?

भेकेबद्दल लिहायचं ते एवढ्यासाठी की हा पेच त्याच्या सगळ्या कारकिर्दीत पुन्हा पुन्हा समोर येतो. त्याच्या उत्तम रात्री दुसऱ्यांच्या नावावर जमा झाल्या आणि त्याचं नाव झालं ते त्याचं मूळ काम नसलेल्या गोष्टीमुळे.

पकडीचा गुण नसलेला खेळ

आपल्याकडे कबड्डी पाहिलेल्या माणसाला हा अन्याय चटकन कळेल. कबड्डीत पकड केली की गुण मिळतो. चढाईचे गुण वेगळे मोजतात, पकडीचे वेगळे. डावा कोपरा सांभाळणारा खेळाडू सामन्याचा मानकरी ठरू शकतो, त्याच्यावर लिलावात बोली चढू शकते. थांबवणं हीसुद्धा मिळकत आहे, हे त्या खेळाच्या नियमातच लिहिलेलं आहे.

फुटबॉलमध्ये तसं नाही. फलकावर एकच आकडा हलतो, गोलाचा. बचावपटूने नव्वद मिनिटं काम चोख केलं, तर त्याच्या बाजूने काहीही हलत नाही. चुकला, तर लगेच हलतं.

आता सामन्यानंतर टॅकल किती, चेंडू मधेच किती वेळा तोडला, हेडर किती जिंकले, याचे तक्ते येतात. तेही अर्धीच गोष्ट सांगतात. कारण चांगल्या मध्यबचावपटूचं बरंचसं काम चेंडू यायच्या आधी झालेलं असतं. तो दोन पावलं डावीकडे सरकतो आणि समोरच्या मध्यरक्षकाला पास द्यायची फट बंद झालेली दिसते. तो पास मग दिलाच जात नाही. न दिलेला पास कुठल्या तक्त्यात नोंदवायचा? तो बाजूच्या साथीदाराला ओरडून पुढे काढतो, सगळी फळी एका वेळी एक पाऊल वर येते आणि आघाडीपटू ऑफसाइडमध्ये सापडतो. प्रेक्षकांना दिसतो तो फक्त लाइन्समनचा झेंडा. विंगेवरून येणाऱ्या वेगवान खेळाडूवर तो झडप घालत नाही. अंग तिरकं ठेवून त्याला बाहेरच्या रेषेकडे नेतो, जिथून गोल दिसतही नाही. वर गेलेल्या फुलबॅकची रिकामी जागा भरतो. कॉर्नरच्या वेळी कोण कुणाला धरणार, हे ठरवतो.

घसरत जाऊन केलेल्या टॅकलला स्टेडियममधून टाळ्या पडतात. पण तो टॅकल बऱ्याचदा आधी चुकलेल्या जागेची भरपाई असतो. जो योग्य जागी उभा असतो, त्याच्यावर घसरायची वेळ कमी येते, आणि म्हणून त्याच्या वाट्याला टाळ्याही कमी येतात.

जगातल्या मानसन्मानांचा हिशेब मांडला तरी हेच दिसतं. फुटबॉलमधला सर्वांत मोठा वैयक्तिक पुरस्कार, बॅलन डी'ओर, १९५६ पासून दिला जातो. पुरुषांमध्ये तो मिळवणारे बचावपटू तीनच: फ्रान्झ बेकेनबाउअर (१९७२ आणि १९७६), मथियास सामर (१९९६) आणि फाबिओ कानावारो (२००६). त्यातले पहिले दोघेही मागून चेंडू घेऊन पुढे जाणारे, आक्रमणात हात असणारे. निव्वळ अडवण्याच्या कौशल्यावर तो मिळवणारा कानावारो एकटाच म्हणावा लागेल, आणि त्यालाही त्यासाठी त्या वर्षी इटलीचा कर्णधार म्हणून विश्वचषक उचलावा लागला.

बंद होत गेलेली मुंबई

राहुल भेकेचा जन्म ६ डिसेंबर १९९० चा. तो विशीत आला, तो काळ मुंबईच्या फुटबॉलसाठी पडझडीचा होता.

एके काळी या शहराचा फुटबॉलमध्ये दबदबा होता. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक कूपरेजवर भरायचा आणि देशभरातले संघ त्यासाठी मुंबईत उतरायचे. खेळाडूंना पोसायच्या त्या कंपन्या, बँका आणि सरकारी खाती. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी लागायची, खेळ संपला तरी पगार चालू राहायचा. घरच्यांना फुटबॉल परवडायचा तो या हिशेबावर. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा ही व्यवस्था अजून तग धरून आहे असं वाटलं होतं. २०१० मध्ये महिंद्राने संघ बंद केला. २०१३ मध्ये एअर इंडिया नॅशनल लीगच्या जागी आलेल्या आय-लीगबाहेर गेली. २००७ मध्ये सुरू झालेली मुंबई एफसी २०१७ च्या हंगामात तळाला गेली आणि तिथेच तिचा खेळ आटोपला.

भेके याच मुंबई एफसीतून पुढे आला. तेव्हा संघाचा प्रशिक्षक होता खालिद जमील, जो स्वतः महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळला होता. तुटपुंजा पैसा, मोजकी साधनं आणि त्यामुळे आधी गोल खायचा नाही, मग बाकीचं पाहू, हे जमीलच्या संघांचं धोरण. बचावपटूला घडायला याहून चांगली शाळा नव्हती. या दोघांची गाठ पुढे भारतीय संघात पुन्हा पडायची होती.

शहरातले दरवाजे एकेक करून बंद होत असताना मुंबईच्या फुटबॉलपटूला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. २०१४ मध्ये भेके कोलकात्याला ईस्ट बंगालमध्ये गेला. लाल-पिवळ्या जर्सीत खेळायचं म्हणजे दर चुकीचा जाब द्यायचा. तिथल्या मैदानात माणसं बचावपटूलाही नावाने ओळखतात, आणि नावाने शिव्याही घालतात.

त्याच काळात भारतीय फुटबॉल दोन स्पर्धांत विभागलेला होता. वर्षातले काही महिने आय-लीग आणि काही महिने आयएसएल. एकाच वर्षात खेळाडू दोन क्लबांच्या जर्सी घालायचे. भेके २०१५ मध्ये उसना म्हणून केरळ ब्लास्टर्सकडे गेला आणि २०१६ मध्ये पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळला. दर काही महिन्यांनी नवं शहर, नवा प्रशिक्षक, शेजारी नवा साथीदार. आघाडीपटूला हे एक वेळ जमतं, कारण त्याची कला त्याच्या पायात असते. बचाव मात्र चौघांच्या समजुतीवर चालतो, आणि ती समजूत बसायला वेळ लागतो.

परदेशी जागा आणि देशी खेळाडू

भेके इतकी वर्षं दुर्लक्षित का राहिला, याचं एक कारण आयएसएलच्या रचनेतही आहे.

लीग सुरू झाली तेव्हा एका संघाला एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येत. २०१७-१८ पासून ही संख्या पाच झाली आणि २०२१-२२ पासून चार. क्लब या जागा कुठे खर्च करतात ते पाहा. एक गोल करणारा, एक खेळ रचणारा आणि एक किंवा दोन मध्यबचावपटू. म्हणजे संघाच्या कण्यातली हाडं परदेशी आणि कडेची देशी. त्यामुळे भारतीय बचावपटूच्या वाट्याला बहुतेक वेळा फुलबॅकची जागा यायची. क्लबात कडेला खेळणाऱ्या खेळाडूला राष्ट्रीय संघात अचानक मधे उभं राहावं लागलं, तर त्याच्याकडून काय अपेक्षा करणार? भारताला चांगले मध्यबचावपटू मिळत नाहीत, ही तक्रार आपण वर्षानुवर्षं ऐकतो. त्यांना उभं राहायला जागा किती होती, हे विचारलं जात नाही.

२०१७ मध्ये भेके बेंगळुरूला गेला, तेव्हा तिथे मध्यभागी स्पेनचा जुआनन होता. भेके कधी उजव्या बाजूला, कधी मधे, जिथे गरज तिथे खेळायचा. प्रशिक्षकाला असा खेळाडू हवाहवासा वाटतो, पण प्रेक्षकांच्या मनात त्याची एक जागा पक्की होत नाही. ओळख पटायला ठरलेली जागा लागते. भेकेची त्या काळातली खासियत म्हणून सांगितला जायचा तो त्याचा लांब थ्रो. टचलाइनवरून हाताने थेट पेनल्टी क्षेत्रात टाकलेला चेंडू बेंगळुरूसाठी जवळजवळ कॉर्नरच असायचा. बचावपटूची ओळख बचावाशिवायच्या गोष्टीवरून होते, याची ही सुरुवातच म्हणायची.

पुढचं उदाहरण २०१८ च्या सुपर कपचं. २० एप्रिलला भुवनेश्वरला अंतिम सामन्यात बेंगळुरूपुढे होता भेकेचाच जुना संघ, ईस्ट बंगाल. कोलकात्याच्या संघाने आधी गोल केला आणि बरोबरी साधली ती भेकेने. बेंगळुरूने सामना ४-१ असा जिंकला.

त्याच्या महिनाभर आधी, १७ मार्च २०१८ ला, बेंगळुरूने आपल्याच मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना चेन्नईयनविरुद्ध ३-२ असा गमावला होता. चेन्नईयनचे दोन गोल हेडरवर होते आणि दोन्ही त्यांच्या ब्राझिलियन बचावपटूचे, मेल्सन आल्व्हेसचे. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, भेकेने अंधेरीत त्याची परतफेड त्याच नाण्यात केली.

दोहातल्या दोन रात्री

अंधेरीच्या त्या गोलानंतर तीन महिन्यांच्या आत भेकेला भारतीय संघात बोलावणं आलं. ५ जून २०१९, थायलंडमधल्या बुरीरामला किंग्ज कप, समोर क्युरासाव. प्रशिक्षक इगोर स्तिमाच यांचाही हा भारतासोबतचा पहिलाच सामना. भारत १-३ ने हरला. भेके तेव्हा साडेअठ्ठावीस वर्षांचा होता. या वयात बऱ्याच भारतीय खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा उत्तरार्ध सुरू झालेला असतो.

१० सप्टेंबर २०१९ ला विश्वचषक पात्रता फेरीत दोहाच्या जस्सिम बिन हमद स्टेडियममध्ये भारताची गाठ कतारशी पडली. कतार त्या वेळचा आशियाई विजेता. भारताकडे छेत्री नव्हता, तो तापाने आजारी होता. बचावात चौघे: उजवीकडे मुंबईचा भेके, मधे चंडीगडचा संदेश झिंगन आणि गोव्याचा आदिल खान, डावीकडे गोव्याचाच मंदार राव देसाई. कतारने सामनाभर मारा केला. शेवटी फलकावर ०-० होतं. गेल्या दशकातल्या भारतीय फुटबॉलच्या सर्वांत अभिमानास्पद रात्रींत ती मोजावी लागेल.

ती रात्र गुरप्रीतसिंग संधूच्या नावाने ओळखली जाते, आणि ते योग्यच आहे. त्या दिवशी तोच कर्णधार होता आणि त्याने अडवलेले फटके थक्क करणारे होते. पण चेंडू गोलरक्षकापर्यंत पोचला तरच तो अडवतो. जे पोचलेच नाहीत, त्यांचं श्रेय समोरच्या चौघांचं. त्या चौघांची नावं एका दमात सांगू शकणारे फुटबॉलप्रेमी आज किती सापडतील?

दुसरी रात्र ३ जून २०२१ ची. तेच स्टेडियम, तोच कतार. नवव्या मिनिटाला भेकेला पिवळं कार्ड मिळालं, सतराव्या मिनिटाला चेंडू हाताला लागला म्हणून दुसरं. लाल कार्ड. उरलेला सबंध सामना भारत दहा जणांनी खेळला आणि ०-१ ने हरला. त्या दिवशीही गुरप्रीतचं कौतुक झालं. भेकेचं नाव मात्र या वेळी सगळ्यांच्या तोंडी होतं.

या दोन रात्री शेजारी ठेवल्या की बचावपटूच्या नशिबाचा सगळा हिशेब कळतो. पहिल्यात ९० मिनिटं काम फत्ते झालं आणि नाव दुसऱ्याचं झालं. दुसऱ्यात सतरा मिनिटांत चूक झाली आणि नाव त्याचं झालं.

घरच्या संघाचा कर्णधार

२०२१-२२ च्या हंगामाआधी भेके मुंबईला परत आला, या वेळी मुंबई सिटीच्या जर्सीत. परदेशी खेळाडूंची संख्या चारवर आली तो हाच हंगाम. भेके आता प्रामुख्याने मधे खेळू लागला. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या संघात चेंडू मागूनच, पायातून, पासांवर पुढे न्यायची पद्धत होती. म्हणजे मध्यबचावपटूला नुसतं अडवून चालत नव्हतं, खेळाची सुरुवातही त्यालाच करून द्यावी लागायची.

एप्रिल २०२२ मध्ये हा संघ एएफसी चॅम्पियन्स लीग खेळायला रियाधला गेला. आशियातल्या तेव्हाच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत तोपर्यंत एकाही भारतीय क्लबने सामना जिंकला नव्हता. वर्षभर आधी एफसी गोवाने तीन सामने बरोबरीत सोडवले होते, विजय मात्र हुकला होता. ११ एप्रिलला मुंबईपुढे इराकचा एअर फोर्स क्लब होता. इराकी संघाने आघाडी घेतली. सत्तराव्या मिनिटाला दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली. पाच मिनिटांनी हेडर, गोल, २-१. हा ऐतिहासिक गोलही भेकेचाच. दोन आठवड्यांनी मुंबईने त्याच संघाला पुन्हा १-० ने हरवलं आणि गटात दुसरा क्रमांक पटकावला. दुसऱ्या सामन्यात गोल खाल्ला नव्हता. आठवणीत राहिला तो पहिला सामना.

२०२२-२३ मध्ये मुंबई सिटीने साखळीत अव्वल येणाऱ्या संघाला मिळणारी लीग शिल्ड जिंकली. पुढच्या हंगामात कर्णधाराची पट्टी भेकेच्या दंडावर आली. १५ एप्रिल २०२४ ला, साखळीच्या शेवटच्या दिवशी, कोलकात्यात मोहन बागानने मुंबईला २-१ ने हरवून शिल्ड हिसकावून घेतली. तीन आठवड्यांच्या आत, ४ मे रोजी, तिथल्याच सॉल्ट लेक मैदानावर, त्याच संघाविरुद्ध अंतिम सामना झाला. मध्यांतराच्या तोंडावर जेसन कमिंग्सने बागानला पुढे नेलं. त्यानंतर मुंबईने एकही गोल होऊ दिला नाही आणि तीन केले. आयएसएलचा करंडक उचलणारा कर्णधार मुंबईचा भेके होता. ज्या शहरातले क्लब एकामागून एक बंद पडल्यामुळे त्याला घर सोडावं लागलं, त्याच शहराच्या संघाला त्याने विजेतेपद मिळवून दिलं.

जर्नेलसिंगपासून चालत आलेलं

हे सगळं भेकेच्याच वाट्याला आलं असंही नाही. भारताच्या सर्वश्रेष्ठ बचावपटूंची यादी करायला बसलं की जर्नेलसिंग हे नाव सगळ्यांत वर येतं. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत खेळताना त्याच्या डोक्याला दुखापत झाली, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला पुढे, आघाडीवर खेळवलं. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा. भारत २-१ ने जिंकला आणि सुवर्णपदक मिळालं. १९६४ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. हा माणूस मोहन बागानच्या आणि भारताच्या बचावाचा आधारस्तंभ होता. पण त्याची गोष्ट सांगताना आजही सगळे सुरुवात करतात ती त्या गोलापासून.

गोल करायला पुढे न गेलेल्यांची अवस्था काय झाली, ते गोव्यात पाहावं. तिथल्या डेम्पो क्लबच्या सुवर्णकाळात महेश गवळी आणि समीर नाईक ही नावं बचावात होती. गवळी नेहरू चषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. त्या संघांची आठवण निघाली की बायचुंग भुतिया येतो, छेत्री येतो, डेम्पोचा रँटी मार्टिन्स येतो. गवळीचं नाव गोव्याबाहेर अडखळतच घेतलं जातं.

अलीकडचं उदाहरण शुभाशिष बोसचं. २०२४-२५ मध्ये मोहन बागानने शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, कर्णधार हा डावा बचावपटू. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. निवड योग्यच. पण त्या हंगामात त्याने आयएसएलमध्ये सहा गोल केले होते, हेही विसरून चालणार नाही. सहाच्या जागी शून्य असते, तर बचाव तेवढाच भक्कम असूनही पुरस्कार मिळाला असता का?

मार्च २०२५ चा आठवडा

मार्च २०२५ मध्ये एकाच आठवड्यात दोन देशांत बचावपटूंनी पुढे जाऊन गोल केले.

१६ मार्चला लंडनच्या वेम्ब्लीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलने लिव्हरपूलला २-१ ने हरवलं. १९५५ नंतर या क्लबच्या हाती आलेला हा पहिला देशांतर्गत मोठा करंडक. पहिला गोल हेडरवर डॅन बर्नने केला. हा बचावपटू न्यूकॅसलच्या परिसरातलाच. अकराव्या वर्षी याच क्लबने त्याला अकादमीतून काढून टाकलं होतं. पोरवयात त्याने सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या गोळा करायचं काम केलं, खालच्या विभागांतून वर येत येत तिशीच्या उंबरठ्यावर घरच्या क्लबात परतला. अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधी त्याची इंग्लंडच्या संघात पहिल्यांदा निवड झाली आणि २१ मार्चला, बत्तिसाव्या वर्षी, अल्बानियाविरुद्ध तो देशाकडून पहिल्यांदा खेळला.

या दोन तारखांच्या मधे, १९ मार्चला, शिलाँगच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये भारताचा मालदीवशी सामना होता. भारताने त्याआधीचा विजय १६ नोव्हेंबर २०२३ ला कुवेतमध्ये मिळवला होता, तोही १-० असा, झिंगन आणि भेके बचावात असताना. मधल्या काळात आशिया चषकातले तिन्ही सामने भारताने गमावले आणि २०२४ या सबंध वर्षात एकही सामना जिंकला नाही. त्या वर्षातला शेवटचा सामना १८ नोव्हेंबरला हैदराबादला मलेशियाशी झाला. गुरप्रीतच्या चुकीमुळे भारत मागे पडला होता. ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर हेडर मारून १-१ अशी बरोबरी साधली ती भेकेने. देशासाठी त्याचा तो पहिला गोल, चौतिसाव्या वाढदिवसाच्या अठरा दिवस आधी.

शिलाँगला ३४व्या मिनिटाला पुन्हा ब्रँडनचा कॉर्नर, पुन्हा भेकेचं डोकं. भारत ३-० ने जिंकला आणि ४८९ दिवसांची प्रतीक्षा संपली. पण त्याच दिवशी निवृत्तीतून परतलेल्या सुनील छेत्रीने आपला ९५वा आंतरराष्ट्रीय गोल केला. मथळे कुणाचे झाले असतील, हे सांगायला नको. गोल करूनही बचावपटू दुसऱ्या ओळीतच राहू शकतो, हे भेकेने त्या दिवशी पाहिलं.

पगार थांबला, बोलावणं आलं

व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणजे पैशात लोळणारा, ही कल्पना युरोपातली. २०२४ मध्ये भेके बेंगळुरूला परतला होता. २०२५ च्या उन्हाळ्यात आयएसएलच्या हक्कांच्या कराराचा पेच सुटेना आणि पुढचा हंगाम होणार की नाही, हेच कुणाला कळेना. ऑगस्टच्या सुरुवातीला बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातले खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवल्याचं जाहीर केलं.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला भारतीय संघाला नवा प्रशिक्षक मिळाला होता: खालिद जमील. मुंबई एफसीच्या मैदानावरून सुरू झालेलं वर्तुळ राष्ट्रीय संघात पूर्ण झालं. जमीलच्या पहिल्याच स्पर्धेच्या, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपच्या, संघात भेके होता. ८ सप्टेंबरला ताजिकिस्तानमधल्या हिसोरला तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात भारतापुढे ओमान होता. जागतिक क्रमवारीत ओमान ७९वा, भारत १३३वा. १२० मिनिटांनंतर १-१. पेनल्टींमध्ये भारताकडून तिघांनी गोल केले: लालियानझुआला छांगते, राहुल भेके आणि जितिन एम. एस. शेवटची किक गुरप्रीतने अडवली आणि भारताने कांस्यपदक जिंकलं.

त्यानंतर भारतीय फुटबॉलचे दिवस पालटले असं लिहायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद केली. बचावाला गालबोट लागलं की सगळ्यांना दिसतं, या नियमाला जमीलचा संघही अपवाद ठरला नाही.

ओळख कुणी दिली?

मग भेकेला मिळालेली ओळख नेमकी कुठली? कारकिर्दीतल्या ठळक क्षणांची यादी केली तर भुवनेश्वर, अंधेरी, रियाध, हैदराबाद, शिलाँग, हिसोर अशी गावं येतील. सगळीकडे गोल किंवा पेनल्टी. दोहाचं ०-० या यादीत घालावं असं फार थोड्यांना सुचेल.

पण दुसरीही एक यादी आहे, सामन्याच्या तासभर आधी जाहीर होणारी, अकरा नावांची. बेंगळुरूत आल्बर्ट रोका गेले, कार्लेस क्वाद्रात आले, भेके खेळत राहिला. मुंबईत बकिंगहॅम गेले, पेत्र क्रात्की आले, कर्णधार भेकेच होता. भारतीय संघात स्तिमाच यांनी त्याला आणलं, मानोलो मार्केझ यांनी ठेवलं, जमील यांनी चौतिसाव्या वर्षीही निवडलं. या प्रशिक्षकांचं एकमेकांशी फार थोड्या बाबतीत पटलं असतं. कुणाला चेंडू पायात ठेवून खेळायचं होतं, कुणाला तो आधी आपल्या गोलपासून लांब हवा होता. या बचावपटूच्या नावावर मात्र त्यांचं दुमत झालं नाही. आपल्याला तो दिसायला एवढे गोल लागले. त्यांना तो गोलांशिवायच दिसत होता.

याचा संबंध फक्त एका खेळाडूच्या कौतुकाशी नाही. मुंबईत असो, कोल्हापूरच्या तालमींच्या संघांत असो, शाळेतल्या मैदानावर असो, पोरांचा संघ पाडताना ज्याला ड्रिबलिंग जमत नाही त्याला मागे उभं करतात. बचाव ही उरलेल्यांची जागा, हे तिथेच ठरून जातं. मग चांगल्या पायांची, चांगल्या डोक्याची मुलं ती जागा मागतच नाहीत, क्लब परदेशातून बचावपटू आणतात आणि भारताला मध्यबचावपटू मिळत नाही म्हणून आपण हळहळतो. भेकेच्या पिढीने हे गणित स्वतःच्या बळावर उलटवलं. पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने प्रशिक्षकाला आपणहून 'मला मागे खेळायचंय' असं सांगायला हवं असेल, तर आधी सामना पाहणाऱ्यांना, त्यावर लिहिणाऱ्यांना आणि पुरस्कार ठरवणाऱ्यांना ०-० या निकालातलं शून्य वाचता यायला हवं.